उंच पायऱ्यांनी किती जागा वाचते? हिशेब करून बघा

घर बांधणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला जोरात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: जिन्याच्या मापांचे नियम मॉल-हॉस्पिटलांसाठी असतात, घराला ते लागू नाहीत. नऊ इंचांची पायरी घ्या, पायऱ्या कमी होतील, जागा वाचेल. एखादी पायरी अर्धा-पाऊण इंच उंच-ठेंगणी झाली तरी घरच्यांना सवय होते. आणि बाजूला भिंत असेल तर रेलिंग म्हणजे निव्वळ शोभेचा खर्च. हे चारही मुद्दे चुकीचे आहेत. एकदा ओतलेला जिना कोणी सहसा फोडत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

नियम घराला लागू नाहीत, हे तर संहिता उघडली की खोटं ठरतं. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत निवासी इमारतींसाठी स्वतंत्र मापं आहेत: रायझर, म्हणजे पायरीची उंची, जास्तीत जास्त १९० मिमी, ट्रेड, म्हणजे पाऊल ठेवायची रुंदी, किमान २५० मिमी. अमेरिकेच्या निवासी संहितेत हेच आकडे १९६ आणि २५४ आहेत. इंग्लंडचा नियम त्यामानाने सैल. तिथे घरातल्या जिन्याला २२० मिमीपर्यंत रायझर चालतो, पण चढ ४२ अंशांच्या वर गेलेला चालत नाही.

आता जागेचं बघू, कारण लोक भुलतात ते इथेच. मजल्याची उंची ३ मीटर धरा. १६ रायझर केले तर प्रत्येक १८७.५ मिमीचा होतो. १३ केले तर साधारण २३१ मिमी, म्हणजे सल्ल्यातले ते नऊ इंच. मधे लँडिंग, म्हणजे सपाट टप्पा, घेऊन उलट वळणारा जिना असेल तर पहिल्या प्रकारात एका बाजूला आठ रायझर, म्हणजे सात ट्रेड (आठव्या रायझरच्या वर थेट लँडिंग येतं), प्रत्येकी २५० मिमी धरून १७५० मिमी लांबी. दुसऱ्या प्रकारात लांब बाजूला सात रायझर, सहा ट्रेड, १५०० मिमी. वाचले किती? २५० मिमी. एका ट्रेडएवढी जागा! तेवढ्यासाठी चढ सुमारे ३७ अंशांवरून ४३ अंशांच्या जवळ जातो आणि इंग्लंडच्या सैल नियमातही तो जिना बसत नाही. सरळ एका दमात चढणाऱ्या जिन्यात ७५० मिमी वाचतात हे खरं, पण मग तोल गेलेल्या माणसाला मधे थांबवणारं लँडिंगही नसतं.

मग पुढचा मोह होतो ट्रेड कापण्याचा. त्याचा त्रास चढताना फारसा कळत नाही, कारण चढताना चवड्यावर भागतं. उतरताना मात्र टाच मागच्या रायझरला अडते, चवडा कडेबाहेर लोंबकळतो आणि माणूस नकळत पाय तिरका टाकू लागतो. जिन्यावरच्या पडण्याच्या गंभीर घटना मुख्यतः उतरतानाच्या असतात. वयस्कर माणूस एक-एक पायरी, दोन्ही पाय टेकवत उतरताना दिसला, तर गुडघ्यांना दोष देण्याआधी टेप लावून ट्रेड मोजा.

‘सवय होते’ हा त्या सल्ल्यातला सगळ्यात घातक भाग आहे. सवय होते, पण ती सारख्या पायऱ्यांची. दोन-तीन पायऱ्या झाल्या की पाय त्या उंचीचा अंदाज धरतो आणि नजर जिन्यावरून उठते. तळवा पायरीच्या कडेवरून अगदी थोड्या अंतराने जातो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका सबवे स्टेशनात एक पायरी बाकीच्यांपेक्षा किंचित उंच होती. तिथे एकामागून एक माणसं अडखळतानाचा व्हिडिओ २०१२ मध्ये सगळीकडे पोचला आणि मग तो जिना दुरुस्त झाला. त्यातले बरेच जण रोजचे प्रवासी असणार. अमेरिकेची संहिता एका जिन्यातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात ठेंगण्या पायरीत ९.५ मिमीपेक्षा जास्त फरक चालू देत नाही, ती याचसाठी.

घरात हा फरक येतो कुठून? सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, करताना मिस्त्री कच्च्या स्लॅबपासून कच्च्या स्लॅबपर्यंत मापं आखतो. नंतर खालच्या खोलीत माल आणि टाइल मिळून दोन-अडीच इंच भर पडते, पायऱ्यांवर मात्र इंच-सव्वा इंचाचाच दगड बसतो. पहिली पायरी ठेंगणी झाली, आणि वरच्या मजल्यावर तशीच जाड भर असेल तर शेवटची उंच. जिना जिथे सुरू होतो आणि संपतो, नेमका तिथेच फरक. उपाय फुकट आहे: दोन्ही मजल्यांच्या फरशीची पक्की पातळी आधी ठरवा, भिंतीवर खूण करा आणि मधल्या उंचीचे समान भाग पाडा.

राहिलं रेलिंग. भिंत तुम्हाला बाजूला पडू देत नाही, खाली पडण्यापासून वाचवत नाही. त्यासाठी मुठीत मावणारा दांडा लागतो. गोल असेल तर ३२ ते ५१ मिमी व्यासाचा, पायरीच्या कडेपासून साधारण ८६५ ते ९६५ मिमी उंचीवर, भिंतीपासून किमान ३८ मिमी सुटा, म्हणजे बोटं मागून वळतील. ग्रॅनाइटची रुंद पट्टी बसवलेला कठडा दिसतो छान, पण घसरलेल्या हाताला तो पकडता येत नाही. उघड्या बाजूच्या गजांमधलं अंतर १०० मिमीच्या आत ठेवा, नाहीतर रांगतं मूल त्यातून जाऊ शकतं.

ज्यांचा जिना आधीच उंच पायऱ्यांचा झालाय त्यांनी हा दांडा दोन्ही बाजूंना लावावा, प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची, न घसरणारी पट्टी द्यावी आणि दिव्याचं बटण वर-खाली दोन्हीकडे घ्यावं.