फोल्डर कॉपी करा म्हणे, झालं म्हणे!

रात्रीचे अडीच वाजलेत, चहा तिसऱ्यांदा गार झालाय आणि मी डेटाबेसमधलं एकेक टेबल हाताने जिवंत करत बसलोय. का, तर एका व्हिडिओवाल्या भाऊने छातीठोकपणे सांगितलं की झॅम्प (लॅपटॉपवरच वेबसाइट आणि डेटाबेस चालवायचं सॉफ्टवेअर) अपग्रेड म्हणजे काय हो, साइटच्या फाइलींचं एचटीडॉक्स उचला, मायएसक्यूएल या डेटाबेसच्या डेटामधले फोल्डर उचला, नव्यात पेस्ट करा, पाच मिनिटांत काम खल्लास. खल्लास तर झालंच. माझं.

2017 पासून पीएचपी 7 वालं (पीएचपी म्हणजे साइटचा कोड लिहायची भाषा) झॅम्प लॅपटॉपवर सुखात नांदत होतं. क्लायंटच्या नव्या थीमला 8 पाहिजे, म्हणून हा उद्योग. केलं कॉपी-पेस्ट, डेटाबेस बघायचं पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडलं, डावीकडे डेटाबेस दिसतायत, टेबलांची नावं दिसतायत, जीव भांड्यात पडला. आणि इथे मला स्वतःच्याच दोन कानाखाली द्याव्याशा वाटतात, सी ड्राइव्ह भरून लाल झालेला म्हणून जुनं फोल्डर शिफ्ट डिलीट मारलं. मग टेबलवर क्लिक केलं. एरर 1932, 'टेबल डझन्ट एक्झिस्ट इन इंजिन'. अरे डोळ्यासमोर नाव दिसतंय की!

भानगड अशी की इनोडीबीचं (डेटाबेसच्या आतलं टेबलं सांभाळणारं इंजिन) टेबल फक्त त्या फोल्डरात नसतंच. डेटा टेबलाच्या आयबीडी फाइलीत, पण कुठलं टेबल कुठे याची वही बाहेर, आयबीडेटा1 मध्ये, आणि नव्या झॅम्पची स्वतःची कोरी वही असते. त्यात माझ्या टेबलांची नोंदच नाही. भाऊने हे सांगितलं नाही कारण त्याच्या डेमोत 'टेस्ट' नावाचा एकच डेटाबेस होता, तोही रिकामा!!

मग काय, तसंच टेबल नवीन बनवा, 'डिस्कार्ड टेबलस्पेस' कमांड मारून त्याची कोरी फाइल काढा, जुनी आयबीडी फाइल आणून ठेवा, 'इम्पोर्ट टेबलस्पेस' मारून ती जोडा. वर्डप्रेसची 12 टेबलं नवीन इन्स्टॉल टाकून बनवली, तरी पहिल्याच इम्पोर्टला 'स्कीमा मिसमॅच', म्हणजे टेबल आणि फाइलीची रचना जुळत नाही. जुन्या मारियाडीबी 10.1 मध्ये (झॅम्पमधलं मायएसक्यूएल म्हणजे खरं तर हेच) रो फॉरमॅट, म्हणजे ओळी साठवायची पद्धत, कॉम्पॅक्ट असायचा, 10.2 पासून डायनॅमिक डिफॉल्ट झाला, म्हणजे क्रिएट करतानाच कॉम्पॅक्ट लिहायचं. एवढंसं कळायला दोन तास गेले.

पण क्लासवाल्या सरांचं फी रजिस्टर? ते मीच लिहिलेलं, 38 टेबलं, स्ट्रक्चर, म्हणजे कुठल्या टेबलात कुठले कॉलम, मी कुठेही लिहून ठेवलेलं नाही, कारण आपण हुशार ना, सगळं डोक्यात असतं. आता पावतीच्या टेबलात 'सवलत' आधी होता का 'हप्ता' आधी हे आठवत बसलोय. व्हर्च्युअल होस्टची (लॅपटॉपवरच्या साइटींच्या पत्त्यांची) फाइल पण त्या फोल्डरबरोबर गेली, पण तिच्यासाठी रडायला वेळ नाही. आणि टेबलं आली तरी माझ्या जुन्या कोडात जिथे तिथे ईच हे पीएचपीचं फंक्शन पेरलंय, ते पीएचपी 8 मध्ये काढूनच टाकलंय, म्हणजे तो तमाशा वेगळाच.

जुना सर्व्हर चालू असताना मायएसक्यूएलडम्प (अख्खा डेटाबेस एका फाइलीत उतरवणारी कमांड) मारला असता तर डेटाबेसमागे कमांडची एक ओळ. एक! नाहीतर निदान त्या फोल्डरचं नाव बदलून पडू द्यायचं होतं, दोन सिनेमे उडवले असते तरी जागा झाली असती. सिनेमे आहेत अजून. सगळे शाबूत.

सरांचा मेसेज संध्याकाळीच आलाय, 'उद्या येताना सगळ्यांच्या पावत्या प्रिंट करून आण रे.' चुकून उघडला, ब्लू टिक गेली. 38 पैकी 11 झालीत.