मनावर घेतलं की सुटते?

आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर दारूबंदीचा वाद पेटलाय. चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली, त्यात कोण चुकलं यावर लांबलचक मेसेज. मग एका काकांनी निकाल दिला, "दवाखाने, गोळ्या सगळं थोतांड. मनावर घेतलं की सुटते." खाली अंगठ्यांची रांग. इंग्लंडमध्ये बसून ते वाचलं, अजून राग गेलेला नाही.

काका, रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात सोडली तर काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर काहींना भास होतात, माणूस बरळतो आणि उपचार नाही मिळाले तर जीवही जातो. घरच्यांना वाटतं, याला वेड लागलं. म्हणूनच डॉक्टर लोराझेपामसारखं शांत करणारं औषध देऊन ते हळूहळू कमी करतात. ग्लुकोज लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, टोचतात, मेंदूला कायमची इजा होऊ नये म्हणून. पुढे ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट आहेत, आणि ती भारतातही मिळतात. तरी कितीतरी बायका नवऱ्याच्या नकळत जेवणात डायसल्फिराम, म्हणजे वर दारू प्यायली की त्रास देणारी गोळी, कालवतात. त्यावर तो प्यायला तर जिवावर बेतू शकतं. दोष त्या बायकांचा नाही, त्यांना दुसरी वाट कुणी दाखवलीच नाही.

इथे जीपीकडे, म्हणजे भागातल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, नाव घालतानाच फॉर्मवर विचारतात, किती वेळा पिता, एका बैठकीत किती युनिट (दारूचं इथलं माप). आकडा वाढला की नर्स पुढचे प्रश्न घेते. जागतिक आरोग्य संघटनेची ती दहा प्रश्नांची 'ऑडिट' प्रश्नावली. तिला यंत्र लागत नाही, चार-पाच मिनिटं लागतात. आठ किंवा जास्त गुण आले की डॉक्टर विषय काढतात, वीस किंवा जास्त झाले की तज्ज्ञाकडे पाठवतात. कुणाला त्यात अपमान वाटत नाही. आपल्याकडे दारूच्या आहारी गेलेल्या साधारण ३८ जणांत एकालाच काही उपचार मिळतात, हे एम्सच्या २०१९ च्या अहवालात आहे. दुकानं उघडी असोत की बंद, उरलेल्या ३७ जणांचं काय, यावर ग्रुपमध्ये कुणी अवाक्षर काढत नाही.

"तू आता तिकडचा झालास," हे मला लगेच ऐकवलं जातं. पण पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून उभं आहे, हे परदेशी खूळ नव्हे.

खरं सांगायचं तर इथल्या जीपीला माझ्या वडिलांचं नावही माहीत नाही. त्याच्याशी काही नातं नाही, म्हणूनच त्याला खरा आकडा सांगताना मला काही वाटत नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरला तीन पिढ्या ठाऊक. त्यांनी विचारलं तर मीही "कधीतरी" म्हणेन, आणि तरी आजारी पडलो की मला तेच हवे असतात. त्यांचा शब्द अख्खं घर ऐकतं. म्हणूनच माझी मागणी त्यांच्याकडे आहे. रक्तदाब मोजता तसंच हेही विचारा, प्रत्येकाला, आणि नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर बसवून.