डॉक्टर, एम्ब्रियो एकच सोडा

परवा परत एक फोटो फिरत होता. एका बाईला एकदम चार बाळं झाली, चारही एकसारख्या टोपड्यांत गुंडाळलेली, आणि खाली "देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो" वगैरे, हात जोडलेल्या इमोजींची रांग. मी तिथे काही लिहिलं नाही, त्या आईबापांच्या आनंदात विरजण कशाला घालायचं. पण इथे लिहिते, कारण मी बरीच वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर म्हणून काम केलंय आणि त्या फोटोच्या आधी काय होतं नि नंतर काय होतं ते मला माहितेय.

पहिली गोष्ट, ही दर वेळी देवाची करणी नसते हो. आपसूक तिळं होणं म्हणजे सात-आठ हजार बाळंतपणांत एखादं, आणि चौघं तर पाच-सात लाखांत एक. आता जी तिळं-चौघं दिसतात त्यातली बरीचशी मूल होण्यासाठीच्या ट्रीटमेंटमधून आलेली असतात, म्हणजे कुणीतरी किती एम्ब्रियो (लॅबमध्ये तयार केलेले गर्भ) गर्भाशयात सोडायचे ते ठरवलेलं असतं, किंवा इंजेक्शनं देऊन सोनोग्राफीत पाच-सहा अंडी तयार दिसत असताना "जाऊ दे, या महिन्यात ट्राय करू" असं म्हटलेलं असतं. हा माणसाने घेतलेला निर्णय आहे, त्याची जबाबदारी देवावर टाकू नका.

बाईचं गर्भाशय एका बाळासाठी आहे. एक असेल तर साधारण ३९-४० आठवडे भरतात, जुळ्यांत सरासरी ३५-३६, तिळ्यांत ३२ आणि चौघांत ३०च्या आसपास. आकडे वाचताना काही वाटत नाही, पण ३२ आठवड्यांच्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं एका वेळी जमत नाहीत. म्हणून त्याच्या तोंडातून पोटापर्यंत बारीक नळी घालतो आणि सिरिंज उभी धरून दूध हळूहळू आपोआप उतरू देतो, ढकलायचं नाही. सुरुवातीला दर दोन तासांनी एखाद-दोन एमएल. पुढच्या वेळी आधीचं पचलंय का ते बघायचं, पोट फुगलं असेल तर फीड बंद. हे एका बाळाचं झालं, असं तीन वेळा, आणि तिघांचं कधीच एकसारखं चालत नाही.

एका तिळ्यांच्या आईची आठवण सांगते. सिझर झालेलं, बीपी वाढून अंगावर सूज आलेली, तरी व्हीलचेअरवर बसून खाली यायची. कांगारू केअरसाठी बाळ छातीशी धरायचं असतं, आणि एवढ्या नळ्या लागलेलं नाजूक बाळ असेल तर एका वेळी एकच घेता येतं. ती रोज मला विचारायची, "सिस्टर, काल मोठीला घेतलं होतं, आज कुणाला घेऊ?" माझ्याकडे याचं काही उत्तर नसायचं, ज्याची तब्येत त्या दिवशी बरी असेल ते मी तिच्या हातात द्यायचे. म्हणजे जे सगळ्यात आजारी, त्याची पाळी येतच नव्हती. तिचा नवरा सकाळी काचेपाशी येऊन पहिल्या दोघींची वजनं विचारायचा आणि तिथेच थांबायचा. तिसरा व्हेंटिलेटरवर होता, त्याचं विचारायला त्याला भीती वाटायची. तो तिसरा गेला. दोघी घरी गेल्या, आणि नातेवाईक म्हणाले, असू दे, दोन तर वाचल्या ना. ज्या बाईने तीन नावं ठरवून ठेवली होती तिला हे कसं सांगणार तुम्ही?

आणि घरी गेल्यावर सगळं संपतं असंही नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा, फुफ्फुसं, मेंदू, सगळ्यालाच धोका. सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम होतो, त्याचं) प्रमाण एकट्या बाळापेक्षा जुळ्यांत कितीतरी जास्त आणि तिळ्यांत त्याहून जास्त. आईचं तर कुणी बोलतच नाही. बीपी, गरोदरपणातली शुगर, बाळंतपणात जाणारं रक्त, या सगळ्यात तिच्या जिवावर बेतू शकतं.

जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे, बऱ्याच जणांना आठवत असेल. २६ जानेवारी २००९ ला कॅलिफोर्नियात नाद्या सुलेमान या बाईला एकदम आठ मुलं झाली. आधीची सहा होती, तीही आयव्हीएफची, म्हणजे टेस्ट ट्यूबचीच. डॉक्टरांनी तिच्या पोटात बारा एम्ब्रियो सोडले होते, बारा! तेव्हा ती ३३ वर्षांची होती आणि तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेची गाइडलाइन त्या वयाला जास्तीत जास्त दोन अशी होती. आठही मुलं जगली हे खरंच नशीब. पण जगभर शिव्या कुणाला पडल्या? त्या बाईला. तिचं टोपणनाव पडलं, तिला जिवे मारायच्या धमक्या आल्या, तिच्या बेकारीपासून ओठांपर्यंत सगळ्यावर चर्चा झाली. तिचं काहीच चुकलं नाही असं मी म्हणत नाही. पण मूल हवं म्हणून वेडी झालेली बाई काहीही मागेल हो, एम्ब्रियो सोडायची नळी, तो कॅथेटर, कुणाच्या हातात होता? त्या डॉक्टरचं, मायकेल कामरावाचं लायसन्स २०११ मध्ये मेडिकल बोर्डाने काढून घेतलं, आणि त्या चौकशीत ४८ वर्षांच्या दुसऱ्या एका पेशंटला त्याने सात एम्ब्रियो सोडल्याचंही आलं होतं. पेशंटने मागितलं म्हणून दिलं हे उत्तर डॉक्टरच्या तोंडी शोभत नाही. उद्या पेशंटने झोपेच्या गोळ्यांची अख्खी बाटली मागितली तर देणार का?

लोकांना वाटतं हा धोका फक्त टेस्ट ट्यूबमध्ये. उलट आयव्हीएफमध्ये निदान किती सोडले ते मोजता तरी येतं. साध्या गोळ्या-इंजेक्शनं आणि आययूआयमध्ये (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडतात त्यात) किती अंडी फुटतील आणि किती रुजतील यावर कुणाचाच ताबा नसतो. १९९७ मध्ये अमेरिकेत आयोवाला सात बाळं झाली, ती अशाच इंजेक्शनांवर राहिलेली. सातही जगली म्हणून फोटो जगभर गेला, त्यातल्या दोघांना सेरेब्रल पाल्सी आहे हे त्या फोटोबरोबर तेवढं फिरलं नाही. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटनमध्ये एका बाईला औषधांवर आठ गर्भ राहिले, तिचीही मोठी बातमी झाली, वर्तमानपत्राशी करार झाला, आणि आठांतलं एकही वाचलं नाही. म्हणून फॉलिक्युलर स्टडीत, म्हणजे अंडी किती वाढली ते बघायच्या सोनोग्राफीत, जास्त अंडी दिसली तर तो महिना सोडून द्यायचा, अंडी फुटण्यासाठीचं ट्रिगरचं इंजेक्शन घ्यायचं नाही आणि घरीही संबंध ठेवायचे नाहीत, हे स्पष्ट मराठीत सांगणारा डॉक्टर चांगला. त्याच्यावर "आमचा महिना वाया घालवला" म्हणून चिडू नका.

मग यावर "रिडक्शन (पोटातले गर्भ कमी करणं) करता येतं की" असं फार सहज म्हणतात. म्हणजे काय ते आधी सांगत नाहीत. अकराव्या ते तेराव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत बघत एका गर्भाच्या हृदयात सुईने औषध देऊन ठोके थांबवायचे. मी याच्या विरोधात नाही, चौघं असतील तर उरलेल्यांना आणि आईला वाचवायचा तो खरा मार्ग असतो, आणि ज्यांनी तो निवडला त्यांना कुणीही पाप वगैरे बोलू नये. पण त्यात सगळीच गर्भधारणा जायचा धोका असतो, आणि दहा वर्षं नवस केलेल्या जोडप्याला आता यातला एक कमी करूया म्हणणं, त्या बाईला ते जन्मभर पुरतं. ट्रान्सफरच्या, म्हणजे एम्ब्रियो सोडायच्या दिवशी तीनऐवजी एक सोडला असता तर ही वेळ आलीच नसती, मग ही गोष्ट प्लॅनचा भाग असल्यासारखी कशी काय बोलता तुम्ही?

आता मुद्दा पैशाचा, आणि माझ्या मते सगळं इथेच अडतं. आपल्याकडे आयव्हीएफच्या एका सायकलला, म्हणजे एका फेरीला, लाखांत खर्च, मेडिक्लेममध्ये वंध्यत्वाचा इलाज बहुतेक पॉलिसींत बसत नाही, लोक सोनं मोडतात, शेताचा तुकडा काढतात. अशा माणसाला एकच सोडूया, बाकीचे फ्रीज करू म्हटलं तर तो म्हणणारच की डॉक्टर, तीनही टाका, परत पैसे कुठून आणू? आणि घरातलेही, जुळं झालं तर बरंच, एकदाच काय ते होऊन जाईल. त्यांचा हिशोब चुकीचा नाहीये, त्यांना अर्धाच हिशोब दाखवलाय. एनआयसीयूचं एका दिवसाचं बिल गुणिले तीन बाळं गुणिले दीड-दोन महिने, हे कुणी आधी मांडून दाखवत नाही. बेल्जियमने २००३ मध्ये हे बरोबर ओळखलं. सरकार सहा सायकलींचा लॅबचा खर्च देईल, पण ३६ च्या आतल्या बाईला पहिल्या वेळी एम्ब्रियो एकच. जुळी-तिळी कमी झाली आणि बाळांच्या अतिदक्षतेचा खर्च वाचला, त्यातूनच पैसे निघाले. ब्रिटनमध्ये तर एकेकाळी आयव्हीएफच्या दर चार बाळंतपणांत जवळजवळ एक जुळं-तिळं असायचं, एका वेळी एकच हा आग्रह धरल्यावर ते २०१९ पर्यंत सहा टक्क्यांवर आलं.

आपल्याला काय अवघड आहे? १९८६ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांनी टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आणलं, महापालिकेच्या हॉस्पिटलात! आणि नंतर हे सगळं हायवेच्या होर्डिंगवर आणि ईएमआयवर गेलं. गोवा मेडिकल कॉलेजात सरकारने मोफत आयव्हीएफ सुरू केलं, मग महाराष्ट्राने प्रत्येक विभागात एक तरी सेंटर का चालवू नये? २०२१ चा एआरटी कायदा (आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा) आहे, क्लिनिकांची नोंद ठेवणारी रजिस्ट्री आहे, तर प्रत्येक क्लिनिकने दारावर लावावं की वर्षभरात किती जणींना एकेक एम्ब्रियो सोडला, किती पूर्ण दिवसांची एकेकटी बाळं घरी गेली, किती तिळी झाली. सत्तर टक्के सक्सेस म्हणतात ते कशाचं, प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आल्याचं की बाळ घरी गेल्याचं?

सगळ्यांना एकच हे दर वेळी जमणार नाही हे मला कळतं. चाळिशीच्या बाईचं, चार वेळा फेल गेलेल्या केसचं गणित वेगळं, तिथे दोनाचा विचार होऊ शकतो, आणि एक सोडला तरी क्वचित तो दुभंगून जुळं होतं. पण तिशीतल्या, पहिल्याच सायकलच्या, चांगले पाचव्या दिवसाचे एम्ब्रियो तयार असलेल्या मुलीला दोन-तीन का सोडता? आता फ्रीजिंग इतकं सुधारलंय की उरलेले नंतर वापरता येतात, तेव्हा ट्रान्सफरच्या आधी सरळ विचारा, किती सोडणार, का, आणि उरलेले ठेवायचा खर्च किती. फॉर्मवर आकडा लिहून घ्या, टेबलावर झोपल्यावर ठरवायची ही गोष्ट नाही.

आणि जिच्या पोटात आत्ताच तिघं आहेत तिने हे वाचून घाबरू नये. नाव अशाच ठिकाणी घाला जिथे एनआयसीयू त्याच इमारतीत आहे आणि तीन बेड मिळतील, परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातलं एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा विभाग) आधीच बघून ठेवा, तिथे सरकारी सोय मोफत असते आणि सिस्टर मनापासून करतात. लवकर कळा आल्या तर बाळांच्या फुफ्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्यासाठी वेळेत पोचावं लागतं, पोटात दुखतंय पण सकाळी जाऊ असं करू नका. आणि डिस्चार्ज मिळाला तरी जन्मापासून तीस दिवसांच्या आत तिघांचेही डोळे आरओपीसाठी (अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार) तपासून घ्या, घरी गेल्यावर बाळ छान दूध पितंय म्हणून हीच तपासणी सगळ्यात जास्त राहून जाते.