सगळं टिपून ठेवा म्हणे!

देवगडच्या आमच्या बागायतदारांच्या ग्रुपवर महिनाभर एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं असं: ऐकलं-वाचलं ते सगळं नोंदींच्या ॲपमध्ये टाका, त्याआधी टॅग, म्हणजे विषयांची लेबलं, नीट लावून घ्या, महत्त्वाचं तेवढं हाताने लिहा, कारण ते 'विज्ञानाने सिद्ध' आहे. पुरावा म्हणून एक जर्मन प्राध्यापक, ज्याने टिपणांच्या ९०,००० चिठ्ठ्यांच्या जोरावर ७० पुस्तकं लिहिली.

'सगळं टाका.' टाकलं होतं मी. एका पावसाळ्यात साडेसहाशे नोंदी झाल्या, निम्म्याहून जास्त दुसऱ्यांच्या मेसेजच्या नकला. जानेवारीत आंब्याच्या मोहोरावर तुडतुड्यांची कीड दिसली. गेल्या वर्षी कुठलं औषध मारलं, कितव्या फवारणीला, एवढंच हवं होतं. पंप सुरू करून गडी उभा, मी सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, रेंज शोधतोय, आणि ॲप उघडल्यावर 'तुडतुडे' या शब्दाला एक्केचाळीस नोंदी! माझ्या बागेची त्यात एकच, तीही अर्धवट. तेव्हापासून दुसऱ्याचा मेसेज जसाच्या तसा ठेवत नाही. आपल्या शब्दांत दोन ओळी लिहिता आल्या तर ठेवतो, नाहीतर जाऊ देतो.

टॅगांचं म्हणाल तर त्या प्राध्यापकाकडेच बघा. निकलास लुमान, बीलेफेल्ड विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायचा, १९९८ साली वारला. विषयवार कप्पे त्याने मुद्दाम टाळले. चिठ्ठ्यांना क्रमांक द्यायचा, २१ नंतर २१अ, मग २१अ१ अशा धर्तीवर, आणि एकीवर दुसरीचा क्रमांक लिहायचा. सूचीत एका शब्दापुढे बहुधा दोन-चारच क्रमांक. म्हणजे फॉरवर्ड ज्याला पुरावा म्हणतो, तोच टॅगांच्या विरोधात साक्ष देतोय. शिवाय ९०,००० चिठ्ठ्या चाळीसहून जास्त वर्षांच्या. दिवसाला सरासरी पाच-सहा. 'सगळं' लिहिणारा माणूस इतक्यावर थांबला असता का?

हाताने लिहिण्याचा मुद्दा २०१४ च्या एका अमेरिकी प्रयोगावरून आलेला दिसतो. लॅपटॉपवर टिपणं घेणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवत होते आणि समजुतीच्या प्रश्नांत मागे पडले. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा फरक तितका स्पष्ट दिसला नाही. आणि परीक्षा द्यायचीय कोणाला? मला औषधाचं प्रमाण पाठ करायचं नाही, वेळेला सापडायला हवं.

कागदाला मी नावं ठेवत नाही हं. बाबा अजून कालनिर्णयाच्या चौकोनात लिहितात. 'सड्यावरचो मोहर काळो पडलो, धुक्यान.' एवढंच, पण तारखेवर आणि कलमांसमोर उभं राहून लिहिलेलं. माझ्या साडेसहाशेत असं एकही वाक्य नव्हतं. अडचण एवढीच की चार वर्षांची कॅलेंडरं वाळवीने खाल्ली. उरलेल्यांचे आता फोटो काढून ठेवलेत, नेटशिवाय उघडतील असे.

माझी फवारणीची नोंद हल्ली चार ओळींची असते: तारीख, कुठली कलमं, औषध नि प्रमाण, आणि आठ दिवसांनी काय दिसलं. चौथी ओळ त्या दिवशी लिहिताच येत नाही, म्हणून मोबाईलवर आठवण लावतो. ती राहिली, तर वरच्या तीन ओळींत औषधाच्या दुकानातल्या बिलापेक्षा जास्त काही नसतं.