आई-वडिलांपासून किती लांब राहावे?

सर्वात आधी एक गोष्ट पक्की करून टाका: आपण आई-वडिलांपासून जेवढ्या अंतरावर राहतो, तेवढंच अंतर योग्य. त्याहून जवळ राहतो तो आईच्या पदराला चिकटलेला. त्याहून लांब राहतो त्याला काळीजच नाही.

आता जगाचा न्यायनिवाडा करायला बसा. सुरुवात फिनलंडपासून करावी, तिथून उलट बोलायला सहसा कुणी येत नाही. युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या 2022 च्या आकडेवारीप्रमाणे तिथली मुलं सरासरी 21.3 व्या वर्षी घर सोडतात. म्हणजे माया नाही, दुसरं काय! विद्यार्थ्यांना तिथे सरकारी भत्ता मिळतो, घरभाड्यालाही हातभार लागतो, हा तपशील मात्र काढू नका. त्याने चांगल्या वादाची मजा जाते. त्याच यादीत क्रोएशियाची मुलं 33.4 व्या वर्षापर्यंत घरीच. याला म्हणतात संस्कार! घर परवडत नाही, नोकरीचा भरवसा नाही, ही रडगाणी त्यांची त्यांना गाऊ द्या. इटलीत 2007 मध्ये खुद्द अर्थमंत्र्यांनीच अशा घोडनवऱ्या बाळांची टर उडवली होती, पण मंत्र्यांना काय कळतं मायेतलं.

लांब राहत असाल तर आठवड्याला एक व्हिडिओ कॉल पुरे. पडद्यावर वडिलांचं अर्धं कपाळ आणि छताचा पंखा दिसेल. "जेवलास?" "हो." "अजून काय?" "काही नाही." मग आई फोन घेईल आणि जेवलास का, हे नव्याने विचारेल. एवढं झालं की नातं घट्ट आहे असं समजावं.

एकत्र राहत असाल तर एवढीही तोशीस नाही. आपापल्या खोलीत दार लावून बसावं आणि कुटुंबाच्या ग्रुपवर 'पान वाढलंय' असा मेसेज आला की अंगठा पाठवावा. वर लांब राहणाऱ्यांची कीव करायला मोकळे.

कायदा मध्ये आला तर बिचकू नका. चीनमध्ये 1 जुलै 2013 पासून वेगळ्या राहणाऱ्या मुलांनी म्हाताऱ्या आई-वडिलांना वरचेवर भेटावं, असं कायदाच सांगतो. वरचेवर म्हणजे किती, ते त्यात नाही. एका न्यायालयाने मुलीला दोन महिन्यांतून किमान एकदा, असा हिशेब घालून दिला. सिंगापूरने त्याहून सरळ मार्ग काढला: जुनं सरकारी घर आई-वडिलांच्या 4 किलोमीटरच्या आत विकत घ्या, अनुदान मिळवा, त्यांच्यासोबतच राहिलात तर जास्त. माया मोजायला इतकं सोयीचं माप दुसरं नाही. आणि एकत्र कुटुंबाचा डंका पिटणाऱ्या भारताने 2007 मध्ये पालकांच्या निर्वाहाचा कायदा केला, ज्येष्ठांना टाकून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली, त्याचं काय? तो इतरांसाठी आहे. आपल्यात तसलं काही नसतं.

शेजाऱ्याचा मुलगा परदेशी गेला तर त्याने आई-बापांना वाऱ्यावर सोडलं. आपला गेला तर त्याने नाव काढलं. हा फरक पाठच करून ठेवा, समारंभात लागतो.

एवढ्या चर्चेत आई-वडिलांना मात्र काही विचारू नका. तुमची खोली रिकामी झाली की तिथे काय करायचं, हे त्यांनी आधीच ठरवलेलं असू शकतं.