माझी छत्री बदलीवर गेली

मंगळवारी दुपारी पावणेदोनला, इंग्लंडातल्या बाथ गावी, माझी छत्री गेली. आज शनिवार. घरातल्या सगळ्यांच्या मते हा विषय बुधवारी सकाळच्या चहाबरोबर संपायला हवा होता.

छत्री कुडाळच्या बाजारातली. लांब दांडा, वाकडी लाकडी मूठ, सात पावसाळे काढलेली, दोनदा काडी बदललेली. गुंडाळून बटण लावायची जी पट्टी असते, तिच्या आतल्या बाजूला बायकोने पिवळ्या दोऱ्याने माझी आद्याक्षरं शिवली होती. आमच्याकडे पावसाळ्यातल्या तेराव्याला गेलेला माणूस स्वतःचीच छत्री घेऊन परत येईल याची खात्री नसते, म्हणून ही खबरदारी. मुंबई विमानतळावर सुरक्षावाल्याने ती दोनदा उघडून बघितली आणि “अंकल, तिकडे छत्र्या मिळत नाहीत काय?” असं विचारलं. मिळतात. तोच तर मुद्दा आहे.

मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं ब्रिस्टलला आलोय. म्हणजे बायको बाळंतपणासाठी आली आणि मी बायकोबरोबर. बाराव्या दिवशी असं लक्षात आलं की घरातल्या प्रत्येक दारात नेमका मीच उभा असतो. जावईबापूंनी तिकीट काढून हातात ठेवलं. “बाबा, बाथ बघून या. ट्रेनने बारा मिनिटं. अख्खं गाव जागतिक वारसा आहे.” हाकलण्याची ही पद्धत मला आवडली.

बाथला उतरलो तेव्हा पाऊस. चर्चच्या मागच्या गल्लीत चहाचं एक छोटं दुकान होतं. दाराशी पत्र्याची उभी बादली आणि तिच्यात पाच-सहा ओल्या छत्र्या. मी माझी त्यात ठेवली, चहा घेतला, एक स्कोन खाल्ला (आपल्या नानकटाईला सर्दी झाली तर अशी लागेल) आणि बाहेर पडताना बादलीत हात घातला. आत उरली होती एकच छत्री. घडीची, बुटकी, एक काडी कापडातून बाहेर आलेली, खटका दाबला की अर्धी उघडून विचारात पडणारी.

काउंटरवरच्या बाई साठीच्या असाव्यात. त्यांना सांगितलं, माझी छत्री गेली. त्या म्हणाल्या, “अरेरे, सॉरी, माय लव्हर!”

मी मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं. नंतर जावयांनी खुलासा केला की या भागात दूधवाल्यापासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत कुणीही कुणालाही असं म्हणतं, आपल्याकडच्या ‘काय रे बाबा’सारखं. पण त्या क्षणी एकसष्ट वर्षांच्या, जानवं घातलेल्या, परगावी एकट्या माणसाची काय अवस्था होते ते सांगून कळायचं नाही. तक्रारीतली सगळी हवाच गेली. माय लव्हर म्हणणाऱ्या बाईवर ओरडायचं कसं?

तेवढ्यात खिडकीशी बसलेले एक आजोबा उठले. सत्तरी ओलांडलेली, खरखरीत लोकरी कोट, टायवर अंड्याचा वाळलेला डाग. त्यांनी ही केस आपणहून चालवायला घेतली.

“छत्री कुठल्या रंगाची होती?”

“काळी.”

“अरे देवा,” ते खरोखर कळवळून म्हणाले. “सगळ्या काळ्याच असतात.”

मी म्हटलं, लाकडी मूठ होती. ते म्हणाले, चांगल्या छत्र्यांना असतेच. मी म्हटलं, भारतातून आणली होती. यावर त्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. “इंग्लंडला येताना छत्री घेऊन आलात! किती विचारी माणूस!” मग बादलीतली ती बुटकी छत्री त्यांनी उचलली आणि वैद्याने नाडी बघावी तशी तिची काडी बोटांनी चाचपली. खटका दाबून उघडणार तोच काउंटरवरून किंकाळी आली. घरात छत्री उघडणं त्यांच्यात अशुभ! आजोबांनी माफी मागितली, बाईंनी माफी मागितली, मीही कशासाठी ते न कळता मागितली. या देशात तिघांनी माफी मागितल्याशिवाय कुठलंही काम पुढे सरकत नाही, आणि मागितल्यावरही सरकतंच असं नाही.

“हे बघा,” आजोबा मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुमची छत्री चोरीला गेलेली नाही. या गावात छत्री कोणी चोरत नाही. कोणीतरी घाईत उठतो, हाताला येईल ती उचलतो. त्याची उरते ती पुढचा उचलतो. मी आयुष्यात चार छत्र्या विकत घेतल्या आणि निदान साठ वापरल्या.”

एकतीस वर्षं मी सरकारी खात्यात काढली. म्हणजे माझी छत्री बदलीवर गेली, एवढं मला चटकन समजलं. पण बदलीला ऑर्डर लागते.

“पण ही मोडकी आहे,” मी म्हणालो.

“तुम्ही साखळीच्या चुकीच्या टोकाला आलात,” ते म्हणाले. “थोडं लवकर उठायला हवं होतं. तो स्कोन.”

म्हणजे चूक माझी. नको तितका वेळ स्कोन खाल्ल्याची.

आता मुख्य गोष्ट. हे सगळं बोलणं होईपर्यंत आजोबांच्या डाव्या हातात एक छत्री होती. लांब दांड्याची, काळी. मूठ कोटाच्या बाहीत गेलेली. आणि पट्टी, जिच्या आतल्या बाजूला पिवळा दोरा असेल किंवा नसेल, ती त्यांनी अख्खा वेळ मुठीत घट्ट धरली होती. मी त्या मुठीकडे पाहिलं. त्यांनी मी पाहतोय हे पाहिलं. “जरा पट्टी दाखवता का?” हे इंग्रजी वाक्य मी मनात तीनदा जुळवलं. जीभ उचलली नाही. परक्या देशात, वयाने मोठ्या माणसाला, तेही माझ्यासाठी एवढा कळवळलेल्याला, चोर कसं म्हणायचं? त्यांनी डोक्यावरची टोपी जराशी उचलली, मला शुभेच्छा दिल्या आणि पावसात छत्री उघडून निघून गेले. सणसणीत उघडली. माझीही तशीच उघडायची.

याच देशात अठराव्या शतकाच्या मध्याला जोनास हॅनवे नावाचा एक गृहस्थ लंडनच्या रस्त्यावर छत्री घेऊन फिरायचा, तर लोक त्याची टर उडवायचे. पुरुषाने छत्री घेणं म्हणजे बायकीपणा! घोडागाडीवाले तर खवळायचे, कारण पावसात लोक कोरडे राहिले तर गाडीत बसणार कोण? म्हणजे तेव्हा ज्यांना छत्री धरायची लाज वाटत होती, त्यांचे वंशज आज मला छत्रीचं तत्त्वज्ञान शिकवणार. आणि शिकवणार कोणाला, तर ज्यांच्या भाषेत राजालाच छत्रपती म्हणतात, त्या मुलखातल्या माणसाला.

पुढचं बाथ मी त्या अर्धवट छत्रीखाली पाहिलं, म्हणजे उजवी बाजू पाहिली. डाव्या बाजूला कापड लोंबत होतं. रॉयल क्रेसेंट ही तीस घरांची चंद्रकोर, 1767 ते 1774 मध्ये बांधलेली, मधाच्या रंगाच्या दगडाची. ऊन असतं तर मधाची दिसली असती, मला ती पावसात भिजलेल्या ग्लुकोज बिस्किटाची दिसली. समोरून सगळी घरं एकसारखी, एक खांब इकडचा तिकडे नाही. मागून मात्र ज्याने त्याने हवं तसं बांधलंय, कारण त्या काळी विकत मिळायचा तो दर्शनी भाग, मागचं घर ज्याचं त्याने उठवायचं. हे वाचून मला त्या गावाबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. आमच्या सोसायटीच्या बिल्डरनेही हेच केलंय, फक्त जागतिक वारसा व्हायचा राहिलाय.

जवळच सर्कस, गोल चौकाभोवती वाटोळी घरं. तिथल्या 14 नंबरच्या घरात रॉबर्ट क्लाइव्ह राहायचा. हिंदुस्थानातून काय काय घेऊन गेलेल्या माणसाच्या दारात मी छत्री गेलेला हिंदुस्थानी उभा. पुढचं वाक्य तुम्ही मनात म्हणून मोकळे झालात, म्हणून मी लिहीत नाही. बाथ अ‍ॅबी या मोठ्या चर्चच्या पुढच्या भिंतीवर दगडी शिड्या आहेत, त्यांवरून देवदूत स्वर्गात चढताहेत. त्यातला एखादा डोकं खाली करून उतरताना दिसतो. बहुतेक काहीतरी विसरला असावा. मला त्याचा विसरभोळेपणा कळला.

मग रोमन स्नानगृहं. तिकीट पंचवीस-तीस पौंडांच्या घरात. पौंडाला शंभरने गुणायचं नाही असं मुलीने बजावलंय, म्हणून मी एकशे दहाने गुणतो. एवढे पैसे देऊन आंघोळ नाही. 1978 साली या पाण्यातल्या जंतूने एक मुलगी दगावली, तेव्हापासून पोहणं बंद आहे, आणि त्यावर तक्रार नाही. पण निदान हात तरी? तोही घालायचा नाही. खाली हिरवंगार पाणी, वर वाफ, काठावर रोमन सम्राटांचे पुतळे. पुतळे रोमन नाहीत, ते व्हिक्टोरिया राणीच्या काळात आणून उभे केलेत. पाणी मात्र अस्सल. जमिनीतून 46 अंशांचं पाणी येतं, रोज अकरा लाख सत्तर हजार लिटर. राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या गरम झऱ्यावर मी लहानपणी फुकट न्हायलो आहे. तिथे श्रव्य मार्गदर्शक नव्हता, एक म्हातारी होती, ती “साबण लावू नको रे” एवढंच सांगायची.

मी तडतडत फिरत होतो आणि एका काचेच्या कपाटापाशी आलो. आत शिशाचे पातळ, चुरगळलेले तुकडे. यांना म्हणे शाप-पट्ट्या म्हणतात. अशा साधारण 130 सापडल्या, बहुतेक 1979-80 च्या उत्खननात. रोमन काळातली माणसं इथल्या सुलिस-मिनर्व्हा देवीच्या झऱ्यात त्या टाकायची. का? कारण न्हायला उतरलं की वर काठावरचे कपडे जायचे!

दोकिमेदिस नावाच्या एकाचे दोन हातमोजे गेले. त्याने देवीला कळवलं की चोराने देवीच्या देवळात आपली अक्कल आणि डोळे गमवावेत. दोन हातमोज्यांसाठी! सोलिनस नावाच्याचा अंगरखा आणि न्हाण्याचा कपडा गेला, त्याने चोराची झोप आणि तब्येत मागून घेतली. अ‍ॅनियानसच्या थैलीतले सहा चांदीचे शिक्के गेले, तर त्याने चोर कोण असू शकेल याची यादीच दिली: पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा मोकळा, मुलगा असो वा मुलगी, देवदेव करणारा असो वा ख्रिस्ती. देवीला पळवाट ठेवली नाही. काहींनी तर अक्षरं उलटी लिहिली.

मी त्या काचेसमोर पंधरा मिनिटं उभा होतो. मागच्या शाळेच्या पोरांनी मला तीन वेळा वळसा घातला. अहो, हे गाऱ्हाणं आहे! आमच्या गावच्या रवळनाथासमोर वर्षानुवर्षं चालतं ते. नारळ चोरीला गेला, शेजाऱ्याने बांध सरकवला, सुनेचं मंगळसूत्र सापडत नाही, काहीही असो, गुरव हात जोडून सांगतो आणि मागची माणसं “व्हय म्हाराजा” म्हणतात. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी इंग्लंडच्या पावसात एक माणूस मोज्यांसाठी तेच करत होता, आणि कोणी त्याला “अहो, दहा पौंडात नवे मिळतात” म्हणत नव्हतं.

मला तसं म्हणणारे भेटले. संध्याकाळी घरी पोचलो तो भिजून. जावई म्हणाले, “बाबा, दहा पौंडात नवी मिळते.” मुलगी हसली. बायको म्हणाली, “तुम्हाला सांगितलं होतं, विमानात कशाला नेता.” भिजलात का, असं कोणी विचारलं नाही, कारण दिसतच होतं. या घरात कप त्यांचे, सपाता त्यांच्या, टीव्हीचा रिमोट तर कोणाचा ते ठरलेलंच आहे. माझं म्हणावं असं एकच काहीतरी दारामागे उभं होतं. आता तिथे ती बुटकी छत्री आहे. खटका दाबला की अर्धी उघडते.

गाऱ्हाणं मात्र मी ट्रेनमध्येच लिहिलं होतं, चहाच्या बिलाच्या मागे, शिसं नसल्याने बॉलपेनने: “माये सुलिस-मिनर्व्हे, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या माये, आज तुझ्या हद्दीत जो कोण ह्या लेकराची सत्री घेऊन गेलो, बापयो आसांदे, बायलमाणूस आसांदे, इंग्रज आसांदे, टुरिस्ट आसांदे, तेची सत्री भर पावसात उलटी होवांदे, काडी काडी सुटांदे, खटको बसा नये. व्हय म्हाराजा!” डोळे आणि अक्कल मागितली नाही. आजोबांचं वय झालंय. आणि समजा ते नसतील तर?

पण टाकायचं कुठे? परत जायचं तर पुन्हा तीस पौंड, आणि झऱ्यात कागद टाकताना पकडलो तर जावयाच्या व्हिसापर्यंत प्रकरण जायचं. म्हणून काल गावी दादाला फोन लावला. म्हटलं, सोमवारी देवळात जाशील तेव्हा गुरवाला माझं एवढं सांगायला लाव.

दादाने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, “अरे, आपलो देव हद्दीभायर जाणा नाय. थंयसरच्या देवीक सांग मा.”

“ती रोमन आसा. तिका लॅटिन लागता.”

दादा थोडा वेळ गप्प. मागे कोंबडं आरवलं. “बरां. सांगून बघतंय. चोर कोण, बापयो काय बायल?”

“ठावक नाय.”

“सत्रीचो रंग?”

“काळो.”

“अरे देवा,” दादा म्हणाला. “सगळ्यांची काळीच आसता रे.”