मेमरी कार्ड रिकामे, फोन मात्र भरलेला

ई-पीक पाहणीची, म्हणजे वावरातल्या पिकाची सरकारी ॲपवर नोंद करण्याची, मुदत संपायला दोन दिवस उरले असताना मी वावरात, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) दोन ओळींच्या मध्ये, काळ्या चिखलात उभा होतो. पंधरा मिनिटे हात वर करून फिरल्यावर ॲपला एकदाचे ठिकाण सापडले, गट क्रमांक भरला, पेऱ्याचे क्षेत्र भरले आणि फोटो काढायची वेळ येताच पडद्यावर अक्षरे उमटली: ‘संचयन स्थान संपत आहे’. त्याखाली दुसरी ओळ होती, ‘सिस्टमची काही कार्ये कार्य करू शकत नाहीत’. ॲप बंद पडले आणि भरलेली सगळी माहिती गेली. त्या क्षणी त्याच फोनमध्ये 32 जीबीचे मेमरी कार्ड बसवलेले होते आणि त्यातली 27 जीबी जागा रिकामी होती. मला या एका गोष्टीचा जो संताप आहे, तो गेली कित्येक वर्षे दर पंधरा दिवसांनी नव्याने होतो.

हा फोन मी 2018 साली तालुक्याच्या ठिकाणी घेतला. खोक्यावर 16 जीबी लिहिलेले होते. कमी पडेल का, असे मी विचारलेही होते, तेव्हा दुकानदाराने बाजूची खाच उघडून दाखवली आणि म्हणाला, ‘भाऊ, कार्ड टाका, आयुष्यभर पुरते.’ घरी येऊन सेटिंग उघडली तर निम्मी जागा फोनच्या स्वतःच्या प्रणालीने आणि आधीच भरून दिलेल्या ॲपांनी व्यापलेली होती. त्यातली बरीचशी ॲपे काढून टाकता येत नाहीत, फार तर बंद करून ठेवता येतात. बाजारात व्यापाऱ्याने क्विंटलमागे किलो-दोन किलो घट धरली तर आपण काट्यावरच भांडायला उभे राहतो. येथे निम्मा माल घट म्हणून कापलेला असतो आणि खोक्यावर त्याचा उल्लेखही नसतो. प्रत्यक्ष वापरायला किती जागा मिळणार, हा आकडा तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापायला कंपन्यांना कोणती अडचण आहे?

आता कार्डाबद्दल. गावात दहापैकी नऊ जणांची अशी समजूत आहे की कार्ड टाकले म्हणजे फोनची जागा वाढली. तसे होत नाही. कार्डावर फोटो, गाणी, व्हिडिओ ठेवता येतात, पण फोन ज्याने भरतो ती ॲपे आणि त्यांची माहिती आतल्याच जागेत राहते. एखादे ॲप कार्डावर हलवायचे तर ते बनवणाऱ्याने तशी परवानगी ठेवलेली असावी लागते, आणि ती असली तरी ॲपचा काही भाग आतच उरतो. बँकेचे ॲप हलत नाही, पीक पाहणीचे हलत नाही, व्हॉट्सॲप हलत नाही आणि त्यावर येणारे फोटोही आतच साठतात. 2015 साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत कार्डालाच फोनची आतली जागा म्हणून वापरण्याची सोय आली होती. त्यात कार्ड पूर्ण पुसले जाते आणि ते त्या एका फोनशी बांधले जाते, पण अडलेल्या माणसाला तेवढे चालले असते. अनेक कंपन्यांनी मात्र ती सोय आपल्या फोनमधून काढून टाकली. माझ्या फोनमध्ये तो पर्यायच नाही, आणि हे दुकानात कोणी सांगितले नव्हते.

परिणामी रोज रात्री जेवण झाल्यावर मी पुसायला बसतो. गावाचा ग्रुप, कापूस-तुरीच्या भावांचा ग्रुप, मुलीच्या शाळेचा ग्रुप, सोयऱ्यांचे दोन ग्रुप. सगळीकडून फुले, देव, सुप्रभात आणि तेच तेच व्हिडिओ येतात. त्यांच्यातच सातबाऱ्याचा फोटो असतो, फवारणीच्या औषधाच्या पावतीचा फोटो असतो, मुलीच्या अभ्यासाची पाने असतात, त्यामुळे सरसकट पुसता येत नाही. एकेक उघडून पाहावे लागते. एवढे करून चारशे एमबी मोकळी होते आणि सकाळी एखादे ॲप अद्ययावत झाले की ती संपते. पैसे पाठवायचे ॲप मी आतापर्यंत कितीतरी वेळा काढले आणि पुन्हा टाकले. दर वेळी सिमची पडताळणी नव्याने करावी लागते, आणि आमच्याकडे ती करण्यापुरती रेंज गावाबाहेरच्या पुलावर गेल्याशिवाय मिळत नाही.

यापुढचे लिहिताना हात थांबतो, तरी लिहितो. फोन सारखा भरतो म्हणून मी आठवडी बाजारातून 64 जीबीचे एक कार्ड घेतले आणि फोनमधले सगळे जुने फोटो त्यावर हलवले. त्यात माझ्या मायचे शेवटच्या दिवाळीचे फोटो होते आणि तिने नातीला जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवल्या होत्या, तो अकरा मिनिटांचा व्हिडिओ होता. कार्डावर नावे दिसत होती, आकडे दिसत होते, म्हणून मी फोनमधून सगळे पुसून टाकले. दोन महिन्यांनी उघडले तर करड्या चौकटी. ते कार्ड बनावट होते. अशा कार्डातली चिप प्रत्यक्षात खूपच कमी जागेची असते, पण ती फोनला 64 जीबी असल्याचे खोटे सांगते. खरी जागा संपली की पुढची माहिती एक तर जुन्यावर लिहिली जाते किंवा कुठेच लिहिली जात नाही, आणि नावांची यादी मात्र शाबूत दिसते. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाच्या मोफत प्रोग्रामने संगणकावर कार्ड पूर्ण भरून, परत वाचून ही फसवणूक पकडता येते. हे मला नंतर कळले, आणि ज्या घरात संगणकच नाही त्या घराने ते कसे पकडावे?

यवतमाळला एका दुरुस्तीवाल्याकडे ते कार्ड घेऊन गेलो. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की पुसलेले काही वेळा परत काढता येते, पण जे कधी लिहिलेच गेले नाही ते कोठून काढणार?

आणि ज्याला हे सांगावे तो म्हणतो, फोन जुना झाला, नवा घ्या. फोनची काच शाबूत आहे, बॅटरी दिवसभर टिकते, आवाज स्वच्छ येतो. 2024-25 च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,121 रुपये होता. दहा हजारांचा फोन म्हणजे जवळजवळ दीड क्विंटल कापूस, आणि त्यात बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी धरलेली नाही. चालता फोन केवळ जागेपायी टाकून देण्यासाठी मी कोरडवाहू वावरातला दीड क्विंटल कापूस का घालवू?

त्या दिवशी धुऱ्यावर बसून मी मुलीच्या स्नेहसंमेलनाचे तीन व्हिडिओ पुसले. तेवढ्याने जागा झाली आणि पऱ्हाटीचा फोटो निघाला. संध्याकाळी मुलीने तिच्या नाचाचा व्हिडिओ पाहायला मागितला.